बारा वाजून सात मिनिटांची नोंद

ऑफिसात तिला फाटकवाली म्हणतात. तोंडावरही म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. वय सेहेचाळीस, चष्मा बहुतेक वेळ डोक्यावर, टेबलावर स्वतःचा पुसायचा फडका. कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. सुई टोचल्यापासून छापील रिपोर्ट हातात पडेपर्यंतचं सगळं त्यात येतं. दोनशेच्या आसपास लॅब ते वापरतात, आणि त्यातला कुठला बदल कधी बाहेर जाणार हे पूर्वी, रेल्वेच्या फाटकावर बसल्यासारखी, तीच ठरवायची.

बदल सोडायची वेळ झाली की ती खुर्चीतून उठायची आणि मोठ्याने म्हणायची, “सोडते!” खोलीतल्या अठरा जणांनी कीबोर्डवरचे हात उचलायचे, असा नियम होता. एकदा साहेबांचे हात खालीच राहिले होते, तर तिने त्यांचंही नाव घेतलं. मग ती स्वतःच्या हाताने नवी आवृत्ती लॅबच्या मशीनवर चढवायची आणि वहीत एक ओळ लिहायची: तारीख, वेळ, काय सोडलं, कोणाच्या सांगण्यावरून. शेवटच्या रकान्यात शेरा, ‘ठीक’ किंवा ‘परत घेतलं’. अशा नऊ वह्या तिच्या खणात आहेत.

तीन वर्षांपूर्वी हे फाटक काढलं आणि पाइपलाइन आली. प्रोग्रामरने बदल पाठवला की यंत्र तो तपासतं, बांधतं आणि कोणालाही न विचारता लॅबच्या मशीनवर चढवतं. दिवसातून दोनदा सुटणारं काम वीस-पंचवीसदा सुटू लागलं. “आता यंत्रच करतंय, तर लिहायचं कशाला?” असं साहेब म्हणाले. तिलाही ते पटलं. पटलं, हे ती आजही लपवत नाही. दहावी वही आणून ठेवली होती, तिच्यात घरी किराण्याची यादी होऊ लागली.

तिच्याकडे राहिलं ते पाइपलाइनवर नजर ठेवणं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सॉफ्टवेअरच्या प्रत्येक भागाची वेगळी यादी असते, आणि तिच्यात बदल चढवण्याच्या प्रत्येक फेरीला एक क्रमांक आणि एक रंग असतो. पार पडली की हिरवा, अडली की लाल. अडण्याची कारणं बहुतेक किरकोळ असतात, नेटवर्कने मध्येच मान टाकली, एवढंच. त्या ओळीशेजारी ‘पुन्हा चालवा’ असं बटण असतं. ते दाबलं की तीच फेरी परत चालते आणि लालचं हिरवं होतं. फाटकवाली ते दिवसातून चार-पाचदा दाबायची. ओट्यावर सांडलेलं पाणी दिसलं की आपण पुसतो, तसं. लाल ठेवून ती जेवायला उठल्याचं कोणाला आठवत नाही.

एका गुरुवारी एका लॅबमधून फोन आला. लहान मुलांच्या रिपोर्टमध्ये एक आकडा सारखा ठळक लाल छापून येतोय. हाडं वाढत असताना रक्तातलं एक द्रव्य मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त असतं. तो आजार नव्हे, ती वाढ. रिपोर्टने मुलांना मुलांची मोजपट्टी लावायला हवी होती, तो मोठ्यांची लावत होता. ही चूक आधीच सापडलेली होती आणि नऊ दिवसांपूर्वी, मंगळवारी, दुरुस्तही झाली होती. दुरुस्ती करणाऱ्याने तसं सगळ्या लॅबना लिहून कळवलं होतं. त्या भरवशावर लॅबवाल्यांनी रिपोर्ट हाताने तपासणं बंद केलं. नऊ दिवसांत तीनशे चाळीस मुलांच्या घरी तो लाल आकडा गेला. चार वर्षांच्या एका मुलीला दोन दिवस दवाखान्यात ठेवून परत परत सुया टोचल्या. मुलगी ठणठणीत होती.

दुरुस्ती करणाऱ्याला ऑफिसात प्रोफेसर म्हणतात. आधी कॉलेजात शिकवायचे. पन्नाशीचे, हळू बोलणारे, प्रत्येक गोष्ट दोनदा समजावणारे. पाइपलाइनमधली रिपोर्टच्या भागाची यादी पाहिली तर फेरी सहाशे बारा, त्यांचीच, सगळ्यांत वर आणि हिरवी; त्यानंतर त्या भागात कोणी बदल पाठवलाच नव्हता. मशीनवर पाहिलं तर त्यांच्या आधीची, चुकीची आवृत्ती. ती मशीनवर ठेवली गेल्याची वेळ फाइलवर स्पष्ट होती: मंगळवार, दुपारी बारा वाजून सात मिनिटं.

साहेबांनी हिशेब सरळ मांडला. पाइपलाइनने नवी चढवली. म्हणजे नंतर कोणीतरी हाताने जुनी ठेवली. हाताने ठेवण्याची किल्ली तिघांकडे: साहेब, फाटकवाली आणि प्रोफेसर. साहेब त्या दिवशी परगावी होते. फाटकवालीवर शंका घेण्याचं कोणाच्या मनातही आलं नाही, तिच्या स्वतःच्याही मनात आलं नाही. प्रोफेसरांनी मात्र वर्षभरापूर्वी एकदा पाइपलाइनला बगल देऊन हाताने बदल केला होता आणि त्याबद्दल ऐकूनही घेतलं होतं.

“मी हात लावला नाही,” प्रोफेसर म्हणाले. दोनदा म्हणाले.

त्यांना घरी बसवलं. तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी, सकाळी अकराला, वरिष्ठांसमोर शेवटची बैठक ठरली. ती कशासाठी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दरम्यान फाटकवालीला काम मिळालं: पाइपलाइनमध्ये घटनानोंद बसवायची. कोणती आवृत्ती, कोणी सोडली, कधी निघाली, कधी पोहोचली, प्रत्येक पावलाची एक ओळ, आपोआप. आणि लिहिलेली ओळ कोणालाही खोडता येता कामा नये.

“तुमच्या वह्याच, पण यंत्रातल्या,” साहेब म्हणाले. “त्या बैठकीआधी चालू करा. वरच्यांना दाखवता येईल, की आपण काहीतरी केलं.”

घरी तिने नवऱ्याला हे सांगितलं. नवरा लिफ्ट मेकॅनिक आहे. इमारतीच्या माथ्यावरच्या खोलीत, मोटरशेजारी, दोरीला टांगलेलं एक रजिस्टर असतं, त्यात त्याच्या आयुष्याची बावीस वर्षं आहेत.

“तुम्ही लोक नोंद कधी करणार?” त्याने विचारलं.

“आवृत्ती पोहोचली की.”

“चूक. हात लावण्याआधी लिहायचं. नंतर लिहायला माणूस शिल्लक असेलच असं नाही.”

“शुभ बोल रे नाऱ्या,” आतून सासू म्हणाली.

पण मुद्दा बिनतोड होता. फाटकवालीने प्रत्येक पावलाला दोन ओळी दिल्या, एक निघताना आणि एक पोहोचल्यावर. शिवाय एक रकाना वाढवला: ही फेरी कितव्यांदा चालते आहे. तो का वाढवला, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. वहीत ‘परत’ असा शेरा असायचा, म्हणून इथेही असावा, इतकंच.

बैठकीच्या आधीच्या बुधवारी दुपारी सरावाच्या मशीनवर चाचणी झाली. चाचणी घेणारी बाई तिच्या शेजारच्या टेबलावर बसते. तिचं कामच मुळी वस्तू मोडून दाखवणं आहे, आणि बोलण्यातही ती मागे राहत नाही.

“फाटकवाली, तुझ्या या चित्रगुप्ताला जरा छळू का?”

“छळ की.”

चाचणीवालीने एकोणचाळीस क्रमांकाची फेरी मुद्दाम अडवली. लाल. मग चाळीस क्रमांकाची सोडली. हिरवी. मग सहज म्हणून एकोणचाळीसच्या शेजारचं ‘पुन्हा चालवा’ दाबलं. तीही हिरवी झाली आणि यादीत आपल्या जुन्या जागी, चाळीसच्या खाली, शहाण्यासारखी बसली.

“सगळं हिरवं,” चाचणीवाली म्हणाली. “काय लिहिलंय बघू तुझ्या चित्रगुप्ताने?”

नोंदीत ओळी वेळेप्रमाणे होत्या. चाळीस निघाली, पहिल्यांदा. चाळीस पोहोचली. एकोणचाळीस निघाली, दुसऱ्यांदा. एकोणचाळीस पोहोचली.

“म्हणजे नव्यावर जुनी जाऊन बसली! आणि वर यादी म्हणते नवीच आहे. काय गं हे, घरात सून आणि दारावरची पाटी सासूची!” ती हसली. मग तिने शेजारी पाहिलं. “काय झालं? पाणी देऊ?”

फाटकवालीने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला आणि त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. अडलेली फेरी परत चालवली की ती आपलीच, जुनी, आवृत्ती घेऊन निघते. मधल्या काळात तिच्यापुढे कोण गेलं, हे तिला माहीत नसतं. तीन वर्षं दिवसातून चार-पाचदा ते बटण दाबणाऱ्या बाईने हा विचार एकदाही केला नव्हता. बहुतेक वेळा मध्ये कोणी गेलेलं नसायचं, म्हणून निभावलं.

त्या मंगळवारी सहाशे अकरा लाल होती. कोणीतरी रिपोर्टच्या पानावरच्या एका बटणाचा नुसता रंग बदलला होता, ती फेरी शेवटच्या पायरीवर अडली होती. सहाशे बारा, प्रोफेसरांची, तिच्या मागून आली आणि पुढे निघून गेली.

चाचणीवालीला “ऊन लागलं बहुतेक” असं सांगून ती बाहेर जिन्यात गेली. खोलीत दिवसभर एसी चालू असतो. जिन्यात उभं राहून तिने फोनमधली कॉलची यादी मागे सरकवायला सुरुवात केली. महिना होत आला होता, बोट बराच वेळ फिरत राहिलं. मंगळवार. घरून आलेला कॉल. बारा वाजून तीन मिनिटं, सात मिनिटांचा.

फोन खांद्यात धरून डाव्या हाताने डबा उघडत होती, हे तिला आठवलं. उजवा हात माउसवर होता, हेही आठवलं. जेवायला उठायचं होतं आणि पडद्यावर एक ओळ लाल होती. बटण दाबल्याचं मात्र आठवेना. सवयीचं काम आठवत नाही. दाराला कुलूप लावल्याचं कुठे आठवतं? परत जाऊन ओढून बघावं लागतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने सासूला विचारलं, “आई, मागच्या महिन्यात दुपारी तुम्ही मला ऑफिसात फोन केला होता. कशासाठी?”

“तेव्हा नाही का, वॉशिंग मशीनचं दार उघडेना. माझी बरी साडी आत आणि पाणी निघतंय बाहेर.” सासू ब्याऐंशी वर्षांची आहे, पण तिचं काही विसरणं म्हणजे अजब. “तुझं लक्षच नव्हतं. हां, हां, करत होतीस. मग म्हणालीस, बंद करा आणि परत चालू करा. केलं. उघडलं. साडीचा रंग गेला तो गेलाच.”

“परत चालू करा, असं म्हटलं?”

“मग काय मी मनचं सांगते? दोनदा म्हणालीस. एकदा मला आणि एकदा आपली तुझी तूच, पुटपुटल्यासारखी.”

फाटकवाली गॅसपाशी उभी राहिली. नवऱ्याने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मेकॅनिकसारखा पहिला प्रश्न केला: “दिसतंय कुठे?”

“कुठेच नाही. तेव्हा नोंदच नव्हती. ही या आठवड्यात सुरू होतेय.”

“म्हणजे तू बोलली नाहीस तर कोणाला कळणार नाही.”

“नाही.”

“नोकरी जाईल?”

“जाऊ शकते.”

“त्या मास्तरची?”

“त्यांची परवा सकाळी अकराला जाते.”

त्याने पुढे होऊन गॅस बारीक केला. मग म्हणाला, “मी काय सांगू? रजिस्टरमध्ये माझी पण एक-दोन पानं अशी आहेत, की लिहिताना हात जड झाला होता.” लिहिलं की नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

गुरुवारी ती नेहमीपेक्षा पाऊण तास आधी ऑफिसात पोहोचली. तीच चाचणी तिने स्वतः चार वेळा करून पाहिली. एकदा तरी वेगळं निघावं, ही आशा होती. चारही वेळा जुनी नव्यावर बसली आणि चारही वेळा यादी हिरवी राहिली. दहा वाजता ती साहेबांच्या दाराशी गेली. “बोला,” साहेब म्हणाले. तिने नोंदीच्या रकान्यांची रुंदी वाढवू का, असं विचारलं आणि परत आली. साडेअकराला पुन्हा गेली. साहेब फोनवर होते. त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली. ती थांबली नाही.

दुपारी प्रोफेसर आले. लॅपटॉप आणि किल्लीचं कार्ड जमा करायला सांगितलं होतं, ते घेऊन. आधीच जमा करायला सांगतात म्हणजे बैठक कशासाठी हे त्यांनाही कळलं असणार. ते लिफ्टपाशी तिला भेटले. शर्ट इस्त्रीचा होता, दाढी एका बाजूला थोडी राहिली होती.

“काय बाई, नोंद झाली का सुरू?”

“उद्यापासून, सर.”

“छान. एक महिना आधी झाली असती तर माझं कल्याण झालं असतं.” ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “खरं सांगू? आता मलाच वाटायला लागलंय, की मीच ठेवली असेन. बारा वाजून सात मिनिटांनी मी काय करत होतो, रोज आठवून बघतो. टेबलापाशी होतो, एवढंच आठवतं. टेबलापाशी काय करत होतो, ते नाही आठवत. बायको म्हणते, उद्या कबूल करून टाका, निदान सन्मानाने तरी सोडतील.”

“सर, कबूल करू नका.”

“का?”

लिफ्ट आली. आत तिघे-चौघे उभे होते. फाटकवालीच्या तोंडून निघालं ते एवढंच: “उद्यापर्यंत थांबा.” प्रोफेसरांनी ते सांत्वन समजून मान हलवली आणि दार बंद झालं.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला घटनानोंद खऱ्या पाइपलाइनवर चालू करायची होती. साहेब येऊन भिंतीवरच्या पडद्यासमोर उभे राहिले. पडदा रिकामा होता, नुसते रकाने. फाटकवालीने यंत्रात एक सोय ठेवली होती: कधी हाताने नोंद करावी लागलीच तर करता यावी. त्यात घटनेची वेळ आणि लिहिल्याची वेळ वेगवेगळी दिसे, म्हणजे मागची तारीख घालून कोणाला शहाणपणा करता येऊ नये. ती तिने ठेवली तेव्हा असा उपयोग डोक्यात नव्हता.

तिने टाइप केलं. एक अक्षर दोनदा चुकलं.

फेरी सहाशे अकरा. दुसऱ्यांदा चालवली. मंगळवारची तारीख. वेळ: अंदाजे बारा वाजून पाच मिनिटं. कोणी: इथे तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, जे ऑफिसात पगाराच्या कागदाखेरीज कुठेच येत नाही. परिणाम: सहाशे बारावर जुनी आवृत्ती बसली. शेरा: सहाशे बारा सोडणाऱ्याचा यात हात नाही.

शेवटचं बटण दाबण्याआधी तिच्या तोंडून आपसूक निघालं, “सोडते.” फार मोठ्याने नाही. शेजारी चाचणीवालीने कीबोर्डवरचे हात उचलले. पलीकडच्या रांगेतल्या दोघा-तिघांनीही उचलले. ते फाटकाच्या काळातले होते.

ओळ पडद्यावर आली. साहेबांनी ती वाचली, मग जवळ जाऊन पुन्हा वाचली.

“हे काय आहे?”

“झालं तसं लिहिलंय.”

“पुरावा काय?”

“पुरावा नाही. माझ्या फोनमध्ये एक कॉल आहे, आणि सासूबाई आहेत. बाकी चाचणी करून दाखवते, दोन मिनिटं लागतात.”

“खोडा ते आधी. अकराला वरचे येतायत.”

“खोडता येत नाही, साहेब. तुम्हीच सांगितलं होतं.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग चाचणी करून दाखवायला सांगितली. फाटकवालीने दाखवली. ते उभ्यानेच पाहत राहिले, आणि शेवटी चाचणीवालीकडे वळून म्हणाले, “हे बटण तीन वर्षं इथे होतं?”

“हो साहेब. तुम्हीपण दाबलंय,” चाचणीवाली म्हणाली.

अकराची बैठक झाली. प्रोफेसर आत गेले तेव्हा टेबलावर त्या ओळीची छापील प्रत होती. वीस मिनिटांत ते बाहेर आले आणि थेट घरी गेले. नंतर फाटकवालीला आत बोलावलं, ती तास-दीड तास आत होती. तिची किल्ली काढून घेतली. लेखी ताकीद मिळाली आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचार होईल असं सांगितलं. विचार कशाचा, हे सांगितलं नाही. लॅबना नवं पत्र गेलं, त्यात कारण लिहिलं होतं. चार वर्षांच्या मुलीच्या घरीही एक प्रत गेली. तिथून उत्तर आलेलं नाही. पाइपलाइन आता जुनी आवृत्ती नव्यावर चढवायला नकार देते. ही भर फाटकवालीनेच घातली, किल्ली नसल्यामुळे साहेबांना शेजारी बसवून.

सोमवारी प्रोफेसर कामावर आले. सकाळभर ते तिच्याशी बोलले नाहीत. ती चहालाही उठली नाही. दुपारी ते तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“ती ओळ वाचली,” ते म्हणाले. “तुम्ही अंदाजे बारा पाच लिहिलंय.”

“हो.”

“फेरी चढायला दोन मिनिटं लागतात. फाइलवर बारा सात आहे. म्हणजे बटण बारा पाचलाच दाबलं गेलं. अंदाजे कशाला? मी महिनाभर ते सातवं मिनिट मोजलंय, बाई. ते अंदाजे नाही.”

“खोडता येत नाही, सर.”

“माहीत आहे. खाली दुसरी ओळ घालता येते ना?”

तिने खुर्ची बाजूला सरकवली. प्रोफेसर वाकून, दोन बोटांनी, सावकाश टाइप करू लागले. दुरुस्ती. वेळ: बारा वाजून पाच मिनिटं, नक्की. पोहोचली: बारा वाजून सात. कोणी लिहिलं, या रकान्यात त्यांनी आपलं नाव घातलं, नीट तपासलं आणि बटणावर बोट ठेवून तिच्याकडे पाहिलं.

तिने टेबलावरचे दोन्ही हात उचलले.